मचाण आणि माळा

गेल्या महिन्यात आमच्या एका स्नेह्यांकडून एक लेख प्रसिद्धीसाठी आमच्याकडे आला. स्नेही सोलापूरचे. बार्शी रस्त्याला, नान्नजच्या अलीकडे, त्यांची वडिलार्जित शेती आहे. वाचन दांडगे, आणि सुतारकाम व लोहारकाम या दोहोंचा हाताला नाद. लेखाचा मथळा होता 'घरच्या घरी शिकारीचे मचाण'. सोबत हाताने काढलेल्या सात आकृती होत्या.

लेख वाईट होता, असे म्हणण्याची सोय नाही. लोखंडी कोनपट्ट्या किती जाडीच्या घ्याव्यात, बैठकीच्या फळ्यांमध्ये पावसाचे पाणी निथळण्यास किती फट ठेवावी, झाडाच्या बुंध्याला खिळा न ठोकता दोराचे वेढे कसे द्यावेत, दोर सालीत रुतू नये म्हणून खाली गोणपाटाची घडी कशी घालावी, बसण्यापूर्वी वाळूची पोती ठेवून वजनाची परीक्षा कशी घ्यावी, हे सारे इतक्या नेटकेपणाने लिहिले होते की, आमच्यासारख्या, साधा पाटही नीट न ठोकता येणाऱ्या माणसासही आपण उद्या सकाळी मचाण उभे करू असे क्षणभर वाटावे. मराठीत हातकामाविषयी असे स्वच्छ गद्य फार थोडे लिहिले जाते. तरीही तो लेख आम्ही परत करीत आहोत. खाजगी पत्राने कारण कळविणे शक्य होते. परंतु लेखाबरोबर आलेल्या पत्रात त्यांनी जी तीन विधाने केली आहेत, ती अलीकडे अनेक सुशिक्षित घरांतून, आणि तीही जेवणाच्या पानावर, आम्ही ऐकत आहोत. तेव्हा उत्तर चारचौघांत दिलेले बरे. स्नेह्यांनी त्यास मोठ्या मनाने संमती दिली आहे, आणि आपले नाव मात्र गाळावे असे सुचविले आहे.

त्यांचे पहिले विधान असे: मचाण ही आपल्या वाडवडिलांची कला असून ती जपली पाहिजे. शब्द जुना आहे यात शंका नाही. मंच, माचा, माची, मचाण ही सारी एकाच घराण्यातली मंडळी. परंतु वाडवडील कोणाचे आणि कोणत्या मुलुखातले? विंध्याद्रीच्या किंवा मेळघाटच्या रानात साग-मोहाच्या झाडावर मचाण शोभते. सोलापुरास वर्षाला पाऊस वीस-पंचवीस इंच, आणि तोही आला तर. येथे आहे तो उघडा माळ. त्यावर कुसळी गवत, मधूनच एखादी बाभूळ, बोर, हिवर, बांधावर कडुलिंब. बाभळीवर मचाण बांधून रात्र काढण्याची कल्पना ज्याने कधी बाभळीचा काटा टाचेतून उपसला आहे त्याच्या डोक्यात येणे कठीण! आमच्या स्नेह्यांनाही ही अडचण जाणवली असली पाहिजे, कारण झाडावरील मचाणास त्यांनी दोन पाने दिली आहेत आणि "योग्य झाड न मिळाल्यास" या सदराखाली लोखंडी पायांच्या चौरंगास पाच! ज्या कलेस आपल्या गावात झाडच सापडत नाही तिला वाडवडिलांची म्हणावयाचे, म्हणजे समुद्र न पाहिलेल्या माणसाने कुळाचार म्हणून गलबत बांधण्यासारखे आहे.

या माळरानावरील राजेलोकांची शिकार निराळी होती. बाराव्या शतकात येथून फार दूर नसलेल्या कल्याणीच्या गादीवर बसून चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' रचला. त्यात मृगयेला राजाच्या विनोदांत मानाचे स्थान आहे. पुढे कोल्हापूर दरबारच्या पाळीव चित्त्यांनी काळविटावर घेतलेली झेप पाहण्यास परदेशचे पाहुणे येत. काळवीट हे उघड्यावरचे जनावर. त्याची भिस्त नजरेवर आणि पायांवर. त्याच्या मागे चित्ता सोडावयाचा, असा तो खेळ होता. त्या खेळाचे पुढे काय झाले? चित्ता संपला. १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानच्या महाराजांनी तीन चित्ते मारले, आणि १९५२ साली तो देशातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. आपल्याच रानातील जनावर गेल्यावर सत्तर वर्षांनी, २०२२ मध्ये, आफ्रिकेहून विमानाने चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात सोडावे लागले. वाडवडिलांच्या कला जपण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हा हिशोबही जपून ठेवावा.

मग सोलापूरच्या मातीत उंचावर बसण्याची कला नव्हतीच काय? होती आणि आहे. तिचे नाव मचाण नव्हे, माळा.

ज्वारीच्या शेतातला माळा ज्याने पाहिला नाही असा मनुष्य या जिल्ह्यात विरळा. मात्र ज्याने तो नीट पाहिला आहे असा सुशिक्षित मनुष्य त्याहूनही विरळा. दाणा भरू लागला की शेताच्या मध्यावर, चोहोकडे नजर जाईल अशा जागी, चार दुबेळक्याच्या मेढी रोवतात. बेळक्यांत आडव्या वाशा टाकून त्यांवर तुराट्यांचा किंवा पळाट्यांचा थर, त्यावर कडब्याच्या पेंढ्या. बांधणी वाखाच्या दोरीची किंवा सुंभाची. उंची माणूस-दीड माणूस, म्हणजे उभ्या ज्वारीच्या कणसांवरून पाहता येईल इतकी. कारण येथली मालदांडी काही बुटकी नव्हे. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड होऊन निघालेली मालदांडी ३५-१ आज कित्येक दशके या काळ्या रानात उभी आहे, आणि ज्वारीची नवी नवी वाणे आली तरी भाकरीच्या चवीसाठी शेतकरी तिच्याकडेच वळतो. माळ्याला शिडी असलीच तर दोन वाशांना चार आडव्या काठ्या, नाहीतर मेढीच्या खाचेत पाय देऊन चढावयाचे. एकूण खर्च जवळजवळ काही नाही, आणि सुगी संपली की माळा मोडून त्याच्या वाशा पुन्हा गोठ्यात.

त्यावर बसतो कोण? घरातला म्हातारा, शाळा बुडविलेला मुलगा, पुष्कळदा लेकुरवाळी बाई. हातात गोफण, शेजारी मातीच्या गुंड्यांचा ढीग, आणि कंठात सारी शक्ती. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे उतरतात. हजारो मैल ओलांडून आलेली ती गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची पाखरे एका ताटव्यावर बसली की घटकाभरात कणसे पोकळ. तेव्हा माळ्यावरून हाकारे सुरू होतात. गोफणीची वादी सुटताना होणारा फटकारा आणि त्यामागून उठलेला तो काळसर-गुलाबी ढग, हे दृश्य पाहून ज्याचे भान हरपत नाही त्याने साहित्याच्या वाटेस जाऊ नये. थवा उठतो, शेजारच्या रानात बसतो. तेथला माळा ओरडतो. थवा पुन्हा उठतो. अशी ही हाकाटी गावच्या शिवेपासून शिवेपर्यंत दिवसभर चालते. रात्री पाखरे झोपली की रानडुकरे आणि हरणे. मग शेकोटी, पत्र्याचा डबा, आणि अंगावरचे एक घोंगडे.

आता आमच्या स्नेह्यांचे मचाण आणि हा माळा शेजारी शेजारी ठेवून पहा. दोन्ही उंच, दोन्ही काठ्या-दोरांचे, दोन्हींवर माणूस रात्र रात्र जागतो. परंतु माळ्यावरचा माणूस ओरडतो. मचाणावरचा माणूस खोकलाही गिळतो. माळ्यावरच्याला वाटते, जनावराने मला पाहावे, ऐकावे आणि निघून जावे. मचाणावरच्याला वाटते, त्याने मला पाहू नये, ऐकू नये, आणि जवळ यावे. एकाने दिवा लावावा, दुसऱ्याने विडीसुद्धा विझवावी. एक जण राखण करतो. दुसरा दबा धरतो. स्नेह्यांच्या लेखात अकरा वेळा "शेतकऱ्याच्या रक्षणासाठी" असे शब्द आले आहेत, आणि त्याच लेखाच्या शेवटी जनावर जवळ यावे म्हणून मचाणाखाली कोंब आलेला हरभरा पसरावा व मिठाचा खडा ठेवावा असा सल्ला दिला आहे! पीक राखावयाचे तर जनावराला मेजवानीचे आमंत्रण कशाला? या एका वाक्यातच त्या मचाणाचा खरा हेतू उघडा पडला आहे, आणि आमच्या स्नेह्यांना तो उघडा पडल्याचे ध्यानातही आले नाही, इतके ते सरळ आहेत.

याच ठिकाणी त्यांच्या दुसऱ्या विधानाकडे वळावे लागते, आणि तेथे आमचा सूर थोडा बदलतो. ते म्हणतात, जनावरांनी शेतकऱ्याला हैराण केले आहे. हे खरे आहे. शहरातील प्राणिप्रेमी मंडळी हे ऐकून नाक मुरडतात, त्यांच्याशीही आमचे भांडण आहे. नान्नज, मार्डी, वडाळा या बाजूस काळविटांचे कळप हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांवरून फिरले म्हणजे मागे काय उरते हे त्यांनी एकदा बांधावर उभे राहून पहावे. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी येथे अभयारण्य जाहीर झाले. त्याचा विस्तार साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या जवळपास होता. म्हणजे गावेच्या गावे, खाजगी शेते, रस्ते, बाजार सारे त्यात आले. जमिनीच्या व्यवहारांत अडथळे आले, आणि एका लाजाळू पक्ष्याचे नाव गावोगाव शिवीसारखे उच्चारले जाऊ लागले. पुढे ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणले गेले. परंतु तोवर माणसांची मने दुरावली होती आणि माळढोकही जवळजवळ दिसेनासा झाला होता. कळपांनी खाल्लेल्या पिकाची भरपाई देण्याची तरतूद सरकारात आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. पंचनामा, सातबारा, छायाचित्र आणि हेलपाटे यांची बेरीज केली की ती भरपाई कित्येकदा घोंगड्याच्या किमतीइतकीच उरते, हेही ठाऊक आहे. आमच्याच शेताच्या वाटेकऱ्याने एका कचेरीत चार खेटे घातल्यावर आम्हांस विचारले होते, "मालक, हरणानं खाल्लं ते बरं का सायबानं लिवलं ते?" त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून शेतकऱ्याची बाजू घेऊनच आम्ही विचारतो: मचाणावरून झाडलेल्या गोळीने त्याचे काय भले होणार? कळपातले एक काळवीट पडेल. उरलेले तीस शेजारच्या शेतात जातील आणि दोन दिवसांनी परत येतील. गोळी घालणारा मात्र तुरुंगात जाईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या परिशिष्टात आहे, आणि त्याच्या शिकारीस तीन वर्षांहून कमी कैद नाही. शिवाय त्या कायद्याने 'शिकार' या शब्दात केवळ मारणेच धरलेले नाही. सापळा लावणे, हाकून आणणे, आमिष दाखविणे, आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे त्यात येते. तेव्हा तो कोंब आलेला हरभरा पुन्हा एकदा आठवावा. रानडुकराने पिकाची नासाडी मांडली तर अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी मागण्याची वाट कायद्याने ठेवली आहे. ती अरुंद असेल, तर रुंद करून घेण्यासाठी सभा भरवा, अर्ज करा, वर्तमानपत्रांत लिहा. पहिली सही आम्ही करू. कुंपणाला अनुदान मागा, पंचनामा आठ दिवसांत व्हावा असा नियम मागा, रात्रीच्या राखणीला मजुरी मागा. माळ्यावर जागणाऱ्या बाईच्या नावाने सुशिक्षित माणसाने बंदूक मागावी, हे मात्र आम्हांस सोसवत नाही. तिने ती मागितलेली नाही.

बिबट्याचे काय, असे कोणी विचारील. उसाबरोबर बिबट्याही या जिल्ह्यात आला, हे खरे. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात बीड, अहमदनगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या शिवेवर एका नरभक्षक बिबट्याने माणसे मारली. करमाळा तालुक्यात सायंकाळी पाचनंतर कोणी शेतात पाऊल टाकीत नसे. अखेर १८ डिसेंबरला, सरकारी हुकुमानंतर, केळीच्या बागेत तो गोळीला बळी पडला. त्या दिवशी गावाने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि आम्हीही टाकला. ज्याने माणूस खाणे आरंभिले त्या जनावराच्या बाबतीत आमच्या मनात हळवेपणा नाही. परंतु तो हुकूम एका जनावराविरुद्ध होता, आणि तो देण्यापूर्वी पिंजरे लावून झाले होते. आमचे स्नेही जिम कॉर्बेटचा दाखला देतात. १९२६ च्या मे महिन्यात गुलाबराईच्या आंब्याच्या झाडावर बसून कॉर्बेटने रुद्रप्रयागचा बिबट्या मारला, तेव्हा त्या बिबट्याच्या नावावर सव्वाशे बळी लिहिले गेले होते. त्या झाडावर त्याने कित्येक रात्री रिकाम्या काढल्या. हाच कॉर्बेट पुढे बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन वाघांच्या मागे हिंडला. त्याचे पहिले अर्धे चरित्र वाचून पुस्तक मिटणाऱ्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे.

तिसरे विधान अमेरिकेचे. तेथे म्हणे लक्षावधी गृहस्थ दर साल हरणांच्या मोसमात आपापल्या मचाणांवर चढतात, आणि समाज त्यांना नावे ठेवीत नाही. होय, परंतु पुढचेही सांगावयास हवे. तेथे परवाना आहे, मोसम आहे, किती आणि कोणते जनावर मारावे याचा आकडा ठरलेला आहे. आणि १९३७ च्या एका कायद्यान्वये बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या जोपासनेकडे जातो. लांडगे मारून संपविल्यामुळे कित्येक प्रांतांत हरणे बेसुमार वाढली, म्हणून ही व्यवस्था. आमच्या माळावर लांडगा अद्याप आहे, कसाबसा. त्याला विष घालणे थांबविले तर कळपांचा बंदोबस्त तो काही अंशी फुकट करील. अमेरिकेची हौस आणावयाची आणि अमेरिकेची शिस्त बंदरातच ठेवावयाची, ही आयात आम्हांस परवडणारी नाही. जाता जाता हेही सांगतो की, त्या देशात शिकाऱ्यांना होणाऱ्या दुखापतींत मचाणावरून पडण्याचा वाटा फार मोठा आहे, आणि म्हणूनच तेथे अंगाला पट्टे बांधल्याशिवाय वर चढू नये असे शिकवितात. स्नेह्यांच्या सात आकृतींत असा पट्टा कोठे आढळला नाही. त्यांच्या मंडळींच्या वतीने आम्ही ही तक्रार नोंदवितो.

खरा दोष मात्र एकट्या त्यांचा नाही. शिकारकथा आपल्या मासिकांनी वर्षानुवर्षे चवीने छापल्या. चांदणी रात्र, वाळलेल्या पानांवरचा आवाज, दोन अंगार, चाप, आणि सकाळी वाघाच्या देहावर पाय ठेवून काढलेले छायाचित्र. आरामखुर्चीत बसून, शेंगा सोलीत, आपण त्या वाचल्या. त्या कथांत हाकाऱ्यांना नाव नसे. बांधलेल्या बकऱ्याचा मालक कोण, हे कोणी विचारले नाही. मचाण बांधणारा गोंड किंवा कोरकू पहाटे उतरून गेला की कथेतूनही उतरून जाई. आमच्या स्नेह्यांनी निदान मचाण स्वतः बांधले, एवढा त्यांचा मोठेपणा मान्य केलाच पाहिजे.

उंचावर बसून लिहिण्याची दुसरी रीत मराठीत घडली, आणि ती घडविणारा मनुष्य याच गावचा. मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ साली सोलापुरात झाला. वनखात्यात नोकरी करून, नवेगाव, नागझिरा, मेळघाट पालथे घालून ते अखेरच्या काळात येथेच परतले, आणि २०२५ च्या जूनमध्ये येथेच वारले. २००६ साली सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जंगलात इतकी वर्षे जागून या माणसाने मराठीला पक्ष्यांची, झाडांची, प्राण्यांची नावे दिली, कोश दिले. आदिवासींच्या तोंडचा शब्द त्यांनी सांगणाऱ्याच्या मानासह लिहिला. एका वाघाच्या कातड्यापेक्षा ही मिळकत मोठी आहे की नाही, याचा निवाडा वाचकांनी आपल्या पुस्तकांच्या कपाटापाशी उभे राहून करावा.

आता स्नेह्यांस आमची सूचना. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांजवळ माणसे बसवून जनावरांची मोजणी करते, नान्नजलाही करते. उन्हाळ्याचा कडेलोट, माळावर पाण्याचे ठिपके मोजके, चांदणे असे की हरणाच्या शिंगांचे पीळ मोजावेत. तेथे बसावयास लागणारी जागा उंच, भक्कम आणि निःशब्द असावी लागते, आणि नेमके हेच त्यांच्या लेखाचे बलस्थान आहे. हरभरा व मीठ गाळून, मथळ्यातील एक शब्द बदलून, आणि कमरेचा पट्टा घालून त्यांनी तो लेख पुन्हा पाठविला तर सातही आकृतींसह आम्ही छापू. येत्या पौर्णिमेला बरोबर येण्यासही आम्ही तयार आहोत, मात्र शिडी त्यांनी धरली पाहिजे.

लेख साभार परत केला आहे. त्यातील गाठींच्या आकृतीचा कागद तेवढा आम्ही ठेवून घेतला आहे. तो वाटेकऱ्यास दाखवावयाचा आहे. गेल्या सुगीत त्याच्या माळ्याची एक मेढ कलली होती, आणि वर त्याची आई बसली होती.